लाल होणाऱ्या डब्याचं प्रकरण

“मांजराला फक्त अंधारात दिसतं, मला उजेडातही दिसतं. माझ्या तावडीतून आजवर एकही गुन्हेगार सुटलेला नाही. माणूस समोर येऊन बसला की त्याच्या बुटांवरून तो कुठून आला हे मी सांगतो, आणि बूट दाराबाहेर काढून आला असेल तर मोज्यांवरून सांगतो. माझी बुद्धी म्हणजे वस्तरा आहे. म्हणूनच मी ती रोज वापरत नाही.”

हे वर्णन माझ्या साडूंचं आहे आणि ते त्यांनी स्वतःच केलेलं आहे. त्यांच्या दारात येणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकावं लागतं. पिण्याच्या पाण्याचे कॅन पोचवणाऱ्या माणसाने ते इतक्यांदा ऐकलंय की साडूभाऊंना मध्येच खोकला आला, तर वस्तऱ्याचं वाक्य तो पुरवतो.

यात खोटं काही नाही. गुन्हेगार सुटलेला नाही हे अगदी खरं आहे, कारण सुटायला आधी सापडावं लागतं. साडूभाऊ विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात होते. तिथे समोरच्या कागदावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांनी इतकं मनावर घेतलं की एखादा विमेदार वारल्याचं वारसांनी कळवलं तरी दुसरी बाजू ऐकून घेतल्याशिवाय ते सही करत नसत. कंपनीने त्यांना थोडं लवकरच निवृत्त केलं. तेव्हापासून त्यांच्या दारावर ‘खासगी गुप्तहेर’ अशी पितळी पाटी आहे. कामात गुप्तता राहावी म्हणून अक्षरं बारीक ठेवली आहेत.

मी त्यांचा सहायक. हे पद मी मागितलेलं नाही. माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी, आमची घरं एकाच गल्लीत, आणि मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो, त्यामुळे मला काही कामधंदा नसतो अशी सगळ्यांची समजूत. “जाऊन या जरा ताईकडे,” असं बायको म्हणाली की मी जातो. आजवर आम्ही तीन प्रकरणं हाताळली. हरवलेला चष्मा, हरवलेली छत्री आणि पुन्हा तोच चष्मा.

या वेळचं प्रकरण मात्र खरंखुरं होतं, कारण त्यात ताईंचं काम अडकलं होतं. ताई म्हणजे साडूभाऊंच्या पत्नी आणि माझी मोठी मेहुणी. त्या शिवणकाम करतात. वर्षानुवर्षं त्यांनी लोकांच्या पँटच्या चेनी बदलल्या, बाह्या आखूड केल्या, उसवलेलं शिवलं. मनात मात्र कायम राजांचे अंगरखे आणि पऱ्यांचे पंख. आणि एक दिवस गावोगाव फिरणाऱ्या एका नाटकमंडळीच्या व्यवस्थापिकाबाईंचा निरोप आला. वर्षभराचे सगळे पोशाख तुमच्याकडून करून घ्यायचा विचार आहे, नमुने आवडले, फक्त तुमची कामाची जागा एकदा व्हिडिओवर दाखवा. आधीच्या शिंप्याने स्वतःचा कारखाना आहे असं सांगून भलत्याकडूनच काम करून घेतलं होतं आणि ऐन प्रयोगात खलनायकाची पाठ उसवली होती. त्यामुळे बाई आता डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणावर विसंबत नव्हत्या.

कामाची जागा दाखवणं एवढंच. पण साडूभाऊंचं घर आगगाडीच्या डब्यासारखं लांबच लांब आहे. पुढे बैठकीची खोली, मागे ताईंची शिवणाची खोली, आणि दोन्हींच्या मध्ये एकही खिडकी नसलेला पॅसेज, जिथे भर दुपारीसुद्धा दिवा लावल्याशिवाय आपलाच हात आपल्याला दिसत नाही. भिंती अशा जाड की मोबाइलला रेंज हवी असेल तर पुढच्या गॅलरीच्या कठड्यावरून अर्धं अंग बाहेर काढावं लागतं. वाय-फाय होतं, तेही पुढच्या खोलीपुरतं. त्यात ताईंना बसून बोलता येत नाही. पाय थांबले की त्यांची जीभ थांबते. मागे त्यांचा पाय मुरगळून प्लास्टरमध्ये होता, तेव्हा घरात इतकी शांतता होती की शेजाऱ्यांनी येऊन काही कमी-जास्त झालं का म्हणून विचारलं होतं.

पहिला कॉल आला. ताई पुढच्या खोलीत बोलत निघाल्या, पॅसेजात शिरल्या, “आणि ही माझी,” एवढं म्हणाल्या, आणि कॉल तुटला. व्यवस्थापिकाबाईंच्या पडद्यावर ताईंची एक नाकपुडी गोठून राहिली. तीच त्यांना कामाची जागा वाटली असेल तर नवल नाही.

यावर साडूभाऊंनी बाजारातून तीन डब्यांचा संच आणला. साबणाच्या डबीएवढे तीन पांढरे डबे. पहिला पुढच्या खोलीत, दुसरा पॅसेजात, तिसरा शिवणाच्या खोलीत. पहिला दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला देतो, आणि फोन घेऊन तुम्ही चालू लागलात की फोन आपोआप एका डब्याला सोडून दुसऱ्याला धरतो. त्यांनी मला ते फार छान समजावून सांगितलं.

“झोपलेलं बाळ असतं ना, साडू. एका मावशीच्या कडेवरून दुसऱ्या मावशीच्या कडेवर जायचं, पण जाग येता कामा नये. ही सगळी त्यातली कला.”

पॅसेजात दिव्याखेरीज विजेची दुसरी सोय नव्हती, प्लगही नव्हता. पण साडूभाऊ स्टुलावर चढले, छताजवळ दिव्याशेजारी त्यांनी डबा चिकटवला आणि तिथूनच कुठूनतरी त्याला वीज दिली. कुठून, ते त्यांनी मला बघू दिलं नाही. तंत्र गुप्त ठेवायचं असतं, म्हणाले. ताईंनी फोन घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघितलं. बाळाला जाग आली नाही. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, दिवा मालवला आणि पुढच्या खोलीत चहा प्यायला गेलो.

दुसरा कॉल पॅसेजात बरोबर त्याच जागी तुटला.

व्यवस्थापिकाबाई सभ्य होत्या. त्यांनी कळवलं की शुक्रवारी दुपारी त्या आणखी एकदा प्रयत्न करतील, त्यानंतर मात्र त्यांना दुसऱ्या शिंप्याशी बोलणं भाग आहे. शिवणाच्या खोलीत जाऊन ताईंनी कुणाचीतरी पँट उचलली आणि बसून राहिल्या. बसून म्हटल्यावर त्यांच्या मनाची अवस्था लक्षात यावी.

“हे हुकलं तर परत चेनी,” एवढंच त्या मला म्हणाल्या.

साडूभाऊंनी भिंग काढलं.

तपासाचा पहिला नियम ते असा सांगतात की गुन्हा जिथे घडला तिथे जायचं. आम्ही पॅसेजात गेलो. मी दिवा लावला. साडूभाऊंनी स्टुलावर चढून भिंगातून डब्याकडे पाहिलं आणि एकदम मागे सरकले. डब्याच्या पोटावरचा छोटा दिवा लाल झाला होता. ते एकटक बघत राहिले. दोनेक मिनिटांनी तो पांढरा झाला.

“बघितलंत? मला पाहून लाल झाला. मग सावरला. असे चेहरे मी तीस वर्षं पाहिलेत.”

मी म्हटलं, यंत्र आहे ते. ते म्हणाले, त्यांच्या कंपनीतला वरिष्ठ अधिकारीही यंत्रच होता, पण त्याचेही कान लाल होत. मी फोन लावून पाहिला. कॉल या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट चालला. पुन्हा चालला. साडूभाऊ म्हणाले, साहजिक आहे, पोलीस समोर असताना कोण चोरी करतो. आम्ही दिवा मालवून बाहेर आलो.

मग आम्ही तिसरा डबा तपासायचा ठरवला. मी शिवणाच्या खोलीत तिसऱ्या डब्यासमोर उभा राहिलो आणि साडूभाऊ पॅसेजात दुसऱ्यासमोर. जरा वेळाने त्यांनी तिकडून ओरडून विचारलं, रंग कोणता. मी सांगितलं, पांढरा. खात्री आहे का. आहे. ते स्वतः बघायला आले, आणि डबा लाल.

“साडू, तुम्ही मला पांढरा म्हणालात.”

“तेव्हा पांढराच होता.”

त्यांनी माझ्याकडे विमेदाराकडे पाहावं तसं पाहिलं. मग आम्ही जागा बदलल्या. आता मी पॅसेजात उजेड करून उभा आणि ते आत. आतून त्यांचा आवाज आला की डबा पांढरा झालाय. मी बघायला गेलो, तर लाल. तेव्हा मात्र त्यांचा चेहरा पडला. ते म्हणाले की हा डबा आम्हा दोघांमध्ये फूट पाडतोय आणि असा गुन्हेगार त्यांनी पूर्वी पाहिलेला नाही.

संशयितांची रांग लागली. पहिला संशय शेजारच्या दंतवैद्यावर. त्याचं यंत्र सुरू झालं की आमच्या लहरी कापल्या जातात, असा सिद्धांत. साडूभाऊ उलटतपासणी घ्यायला त्याच्याकडे गेले. दंतवैद्याने त्यांना खुर्चीत बसवलं, आ करायला सांगितलं, आणि पुढची वीस मिनिटं साडूभाऊंनी जे प्रश्न विचारले ते त्यांनाही कळले नसतील. परत आले ते एका दाढेत सिमेंट भरून. दंतवैद्य निर्दोष आहे, असं त्यांनी अर्धवट सुन्न तोंडाने सांगितलं, आणि हात अगदी हलका आहे असंही.

दुसरा संशय शिवणाच्या खोलीतल्या पुतळ्यांवर. कपडे चढवून बघायला ताईंकडे चार पुतळे आहेत आणि त्यांच्या आत लोखंडी दांडे आहेत. लोखंड लहरी पिऊन टाकतं, असं साडूभाऊंनी कुठेतरी वाचलं होतं. त्यांनी चौघांना गॅलरीत नेऊन उभं केलं. संध्याकाळपर्यंत समोरच्या इमारतीतून तीन जणांनी येऊन विचारलं की घरी पाहुणे आलेत का, आणि आले असतील तर ते तिकडे एकसारखे बघत का उभे आहेत. ताईंनी पुतळे परत आत आणले आणि नवऱ्याला सांगितलं, “अहो, माझ्या माणसांना हात लावायचा नाही.”

तिसरा सिद्धांत मनोविश्लेषणाचा होता. फोनला पहिल्या डब्याचा लळा लागलाय, त्याला पुढची खोली सोडवत नाही, तो पॅसेजापर्यंत मागे वळून वळून बघत जातो आणि नेमकं नवीन हात धरायच्या वेळी हुंदका येऊन तुटतो. यावर उपाय म्हणून त्यांनी ताईंचा फोन एक रात्रभर तिसऱ्या डब्यापाशी ठेवला, ओळख वाढावी म्हणून. सकाळी ओळख वाढलेली नव्हती. फोन नुसता उतरला होता.

या सगळ्यात एक गोष्ट मला तर्कशास्त्राचा प्राध्यापक म्हणून दिसायला हवी होती. आम्ही तपासायला गेलो की सगळं ठीक, आणि आम्ही वळलो की सगळं बिघडलेलं. म्हणजे फरक आमच्या असण्यात होता. पण तर्कशास्त्रात मी स्वतःला कधी उदाहरण म्हणून घेतलेलं नाही.

घरात आणखी एक व्यक्ती होती, तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. माई, साडूभाऊंच्या आई. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याने त्या पॅसेजातल्या आपल्या खोलीत पलंगावर असत. दार अर्धं उघडं, रेडिओ हळू आवाजात, आणि नजर दाराच्या फटीतून पॅसेजावर. त्या घरात एकच कायदा होता आणि तो माईंचा. खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवायचा. या कायद्यात साडूभाऊ वाढले, ताई लग्न होऊन आल्या त्या आठवड्यातच रुळल्या, आणि पाहुणा म्हणून येऊन येऊन मीही. पॅसेजाच्या दोन्ही टोकांना एकेक बटण आहे, कुठूनही लावा, कुठूनही मालवा. चालता चालता हात आपोआप तिकडे जातो. डोकं त्या वेळी दुसरीकडे असलं तरी चालतं.

शुक्रवार उजाडला. ताईंनी सकाळीच शिवणाची खोली आवरली. पऱ्यांचे पंख भिंतीवर लावले, राजाचा अंगरखा इस्त्री करून बाहेर पॅसेजात खुंटीला टांगला, केस विंचरले आणि पुढच्या खोलीत येरझाऱ्या सुरू केल्या. त्या कुणाशी बोलत नव्हत्या, म्हणजे नुसत्याच चालत होत्या. हे मी पूर्वी पाहिलेलं नव्हतं.

साडूभाऊंची योजना तयार होती. आजवर गुन्हेगार आपल्याला पाहून सावध होत होता, तेव्हा आज आपण दिसायचंच नाही. पॅसेजात पूर्ण अंधार ठेवायचा, ते स्वतः दबा धरून बसणार, आणि ताईंचा कॉल तुटायच्या क्षणी जो कोणी तिथे असेल त्याला पकडणार. अंधारातून जाताना आपण ठेच खाऊ, असं ताई म्हणाल्या. ते म्हणाले, फोनचा उजेड पुरे, शिवाय तू हे घर पाठ केलेलं आहेस. माझ्याकडे काम असं की माईंजवळ बसायचं आणि ऐन वेळी त्यांनी रेडिओ मोठा करू नये हे बघायचं.

पॅसेजातला दिवा मालवून मी माईंच्या खोलीत गेलो. पुढून ताईंचा फोन वाजल्याचा आवाज आला. नमस्कार-चमत्कार सुरू झाले. माईंनी समाधानाने मान हलवली.

“तू गुणाचा आहेस हो,” त्या मला हळूच म्हणाल्या. “बाकीचे पाहुणे दिवा तसाच टाकून जातात.”

मी म्हटलं, तुमच्या घरची सवय लागली.

“आणि आमच्या लेकानंही जन्मात पहिल्यांदा काहीतरी डोक्यानं केलंय. मला वाटलं होतं, ते नवीन डबडं आता दिवसरात्र वीज खात बसणार. पण नाही. दिव्याच्या होल्डरमधूनच तार घेतलीय त्यानं. दिवा मालवला की डबडंही मालवतं. मी इथनं बघते ना रोज. किती वीज वाचली असेल.”

मी माईंकडे पाहिलं. मग दाराच्या फटीतून छताकडे पाहिलं. तिथे काळोख होता, आणि त्या काळोखात डबा नव्हता म्हटलं तरी चाललं असतं. लाल नाही, पांढरा नाही. आम्ही त्याला फक्त दिवा लावून भेटलो होतो, आणि झोपेतून उठवल्यावर डोळे लाल होणारच. तिसरा डबा तर याच्याच जिवावर होता; आम्ही दिवा मालवून त्याला बघायला गेलो की तोही उपाशी राहून लाल.

पुढच्या खोलीतून ताईंचा आवाज जवळ येत होता. “चला, आता तुम्हाला आतली खोली दाखवते.”

मी पॅसेजात उडी मारली आणि टोकाचं बटण दाबलं. लख्ख उजेड पडला. त्याच क्षणी भिंतीजवळ टांगलेला राजाचा अंगरखा माझ्या अंगावर आला, आतून साडूभाऊंचे दोन हात बाहेर आले आणि त्यांनी मला कवळलं. ते अंगरखा घालून खुंटीखाली उभे होते. डोक्यावर मुकुटही होता.

“सापडला,” ते माझ्या कानात म्हणाले. “साडू, तुम्ही? मला वाटलंच होतं, पण मन मानत नव्हतं.”

मी कुजबुजून म्हटलं, दिवा, डबा, एकच वीज. त्यांनी वर पाहिलं. डबा लाल होत होता.

“बघा. तुम्हाला ओळखलं त्यानं.”

ताई पॅसेजाच्या तोंडाशी आल्या होत्या, हातात फोन समोर धरलेला. मी राजाच्या मिठीतून कसाबसा एक हात सोडवला आणि त्यांना थांबण्याची खूण केली, मग डब्याकडे बोट दाखवलं. ताईंनी लाल दिवा पाहिला, पेटलेला दिवा पाहिला, माझं बोट एकावरून दुसऱ्यावर जाताना पाहिलं, आणि त्यांना जे कळायचं ते कळलं. फोनमध्ये बघत, आवाजात काडीचाही फरक न करता त्या वळल्या.

“त्याआधी बटणांबद्दल सांगते,” त्या म्हणाल्या, आणि पुढच्या खोलीतल्या टेबलाभोवती चालायला लागल्या.

बटणांबद्दल माणूस किती बोलू शकतो याची मला कल्पना नव्हती. लाकडी, शिंपल्याची, कापडाने मढवलेली, सोंग घेऊन झटकन कपडे बदलायचे असतील तर बटणाऐवजी आतून काय लावायचं, हे सगळं टेबलाभोवती गोल गोल. व्यवस्थापिकाबाईंनी मध्ये एकदा म्हटलं की त्यांना जरा गरगरतंय. ताईंनी माफी मागितली आणि उलट्या दिशेने चालायला सुरुवात केली.

साडूभाऊ आणि मी वर बघत उभे होतो. त्यांनी मला अजून सोडलेलं नव्हतं, पण पकड जरा सैल झाली होती. मला वाटतं, होल्डरला जोडलेली ती तार त्यांना आता दिसत होती. त्यांनीच जोडली होती.

डबा पांढरा झाला. मी मान हलवली. ताई टेबल सोडून सरळ पॅसेजात शिरल्या. आम्हाला बाजूला व्हायला वेळच मिळाला नाही. वेळ होता तो फक्त पापणी न हलवता उभं राहण्याचा, आणि आम्ही उभे राहिलो. राजा आणि त्याने पकडलेला कुणीतरी.

फोनमधून बाईंचा आवाज आला, “हे पुतळे का?”

“हो, नवीन आहेत,” ताई म्हणाल्या.

“अंगरखा सुरेख झालाय. राजाचा चेहरा मात्र जरा बावळट आलाय.”

“चेहऱ्याचं काम माझ्याकडे नसतं. मी फक्त कपडे करते.”

कॉल चालू होता. ताई आमच्यासमोरून पुढे गेल्या, नेमक्या त्या जागेवरून गेल्या जिथे आजवर सगळं संपत होतं, आणि बाळाला जाग आली नाही. आता त्या पॅसेजाच्या शेवटी पोचल्या होत्या. पंखांना आतून बांबूची कामटी कशी घालते हे सांगत त्यांनी शिवणाच्या खोलीचं दार उघडलं, एक पाऊल आत टाकलं, आणि बोलता बोलता त्यांचा मोकळा हात मागे भिंतीकडे, बटणाकडे गेला.

मी पुतळा होतो. ओरडता येत नव्हतं. साडूभाऊही नव्हते ओरडत.

“राहू दे ग,” माईंच्या खोलीतून आवाज आला. “असू दे चालू.”

ताईंचा हात हवेतच थांबला. त्या घरात हे वाक्य याआधी कुणीही ऐकलेलं नव्हतं, आणि मला वाटतं माईंनाही ते सोपं गेलं नसावं, कारण पाठोपाठ त्यांनी रेडिओ बंद केल्याचा आवाज आला. कुठेतरी भरपाई करायला हवी ना. ताईंनी हात खाली घेतला आणि आत गेल्या. मग बराच वेळ आम्हाला फक्त त्यांच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि मध्ये मध्ये व्यवस्थापिकाबाईंचं हसणं.

बाहेर आल्या तेव्हा त्या काही क्षण चालल्याच नाहीत. पॅसेजात दिव्याखाली उभ्या राहिल्या.

“पहिला प्रयोग पावसाळ्यानंतर आहे,” त्या म्हणाल्या. “बारा पऱ्या, दोन राजे. आणि एक पुतळा विकत देता का विचारत होत्या.”

“कोणता?” साडूभाऊंनी विचारलं.

“बावळट चेहऱ्याचा नाही.”

साडूभाऊंनी मुकुट काढला. त्यांना वाईट वाटलं असेल असं समजून मी काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात दारात पाण्याचे कॅन आले आणि साडूभाऊ पुढे गेले. मला त्यांचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं. अत्यंत गुंतागुंतीचं प्रकरण होतं. घरातला प्रत्येक जण सामील, प्रत्यक्ष सहायकसुद्धा. आणि शेवटी संशयाची सुई गुप्तहेराकडेच वळली, पण तो डगमगला नाही, कारण स्वतःवर संशय घ्यायला जिगर लागते. कॅनवाल्याने विचारलं, मग पकडलं कुणी. माईंनी, असं उत्तर यायला हवं होतं. आलं ते असं, की माणसं पेरून ठेवावी लागतात.

डब्याला वेगळी वीज द्यायला इलेक्ट्रिशियन सोमवारी येणार होता. तोपर्यंत पॅसेजातला दिवा अखंड जळत ठेवायचा, असा माईंनीच हुकूम काढला, आणि त्या बदल्यात स्वयंपाकघरातले दोन दिवे काढून ठेवायला लावले. मी माईंना सांगून निघालो. माझी चप्पल मागच्या बाजूला राहिली होती, ती घ्यायला पॅसेजातून गेलो आणि परत आलो. मनात ताईंच्या बारा पऱ्या होत्या. पॅसेज संपला, माझा हात भिंतीकडे गेला, आणि मागून कुणीतरी माझं मनगट घट्ट धरलं.

साडूभाऊंच्या कारकिर्दीतली ती पहिली अटक.